पहिले तास इंजिनाचे

मागच्या अंकात घरी बांधलेल्या विमानाच्या सुरुवातीच्या चाचण्यांबद्दल लिहिलं होतं. त्यावर लातूर, परभणी, जालना, बीड, हिंगोलीकडून पत्रं आली. काही जण खरोखर बांधताहेत, काहींना बांधायचं आहे आणि एका आईला आपल्या मुलाची काळजी लागली आहे. पहिल्या पत्राला आज जास्त जागा देतोय. त्यातला प्रश्न आपल्या भागातल्या उन्हाशी आणि उंचीशी बांधलेला आहे, आणि शिकाऊ विमानांची इंजिनं सांभाळण्यातच माझं नोकरीचं आयुष्य गेलं असल्यामुळे या विषयावर मला थोडक्यात बोलवत नाही.

प्रश्न : आम्ही दोघा भावांनी ॲल्युमिनियमच्या सुट्या भागांच्या संचातून दोन आसनी विमान उभं केलं आहे. नोंदणीची आणि परवानगीची कागदपत्रं मार्गी लागली आहेत. इंजिन लायकॉमिंगचं, हवेने थंड होणारं, चार सिलिंडरचं, ११५ अश्वशक्तीचं, सिलिंडर नवे. धावपट्टीवर नुसतं चालवून बघतानाच मागच्या उजव्या सिलिंडरचं हेड २२० अंश सेल्सिअसवर जातं. भाऊ म्हणतो, नवं इंजिन आहे, महिनाभर जमिनीवर हळूहळू चालवू, रिंगा बसल्या की उडवू. मला वाटतं, वरचं झाकण काढून चालवावं म्हणजे वारा लागेल. कोणाचं बरोबर? — एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : दोघांचंही नाही, आणि भावाचं म्हणणं जास्त नुकसान करेल म्हणून आधी ते घेतो.

नवी मोटारसायकल आणि नवा ट्रॅक्टर आपण 'रनिंग'मध्ये जपून चालवतो. हवेने थंड होणाऱ्या विमानाच्या इंजिनाला ही सवय लावू नका. पिस्टनची रिंग सिलिंडरच्या भिंतीवर बसते ती ज्वलनाच्या दाबाने. तो दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो, होनिंगच्या (सिलिंडर आतून घासताना मुद्दाम पाडलेल्या) बारीक रेघांची टोकं झिजतात आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांशी जुळतात. कमी ताकदीवर इंजिन फिरवत ठेवलं तर दाब पुरत नाही. रिंग ऑइलच्या थरावर तरंगत राहते आणि रेघांमध्ये साठलेलं ऑइल भाजून तिथे कडक, चकचकीत थर धरतो. यालाच आम्ही ग्लेझिंग म्हणतो. हा थर एकदा धरला की इंजिन ऑइल पीत राहतं, आणि सिलिंडर उतरवून पुन्हा होन करण्यावाचून इलाज नसतो. महिनाभर जमिनीवर चालवलंत तर नव्या सिलिंडरांचे पैसे पाण्यात जातील.

म्हणून नव्या इंजिनाला पहिले तास हवेत आणि जोरात चालायला मिळाले पाहिजेत. साधं मिनरल ऑइल भरा. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात पहिल्या तासांसाठी जे ऑइल सांगितलं असेल तेच. महागडं, धुऊन काढणारे घटक मिसळलेलं ऑइल लगेच नको. पहिला तास सुमारे ७५ टक्के ताकदीवर सरळ, सपाट उड्डाण. दुसऱ्या तासात ६५ आणि ७५ टक्क्यांमध्ये आलटून पालटून. प्रत्येक उड्डाणानंतर ऑइल किती उतरलं ते लिहा. हा खप एका आकड्यावर स्थिरावला आणि हेडचं तापमान आधीपेक्षा खाली येऊन टिकलं, की रिंगा बसल्या. थ्रॉटल पूर्ण मागे ओढून लांबवर घसरत खाली येणं या काळात करू नका, तिथे दाब जवळजवळ नसतोच. फिल्टर काढला की कापून, कागद उलगडून उजेडात बघा. सुरुवातीला बारीक चमक दिसणारच. लोहचुंबकाला चिकटणारे तुकडे दिसले तर उड्डाण थांबवा.

आता तुमचं झाकण. वारा लागावा म्हणून ते काढावंसं वाटणं समजू शकतो, पण वारा नुसता लागून भागत नाही, तो सिलिंडरच्या पंखोळ्यांमधून, म्हणजे बाहेरच्या पातळ धातूच्या कडांमधून, जावा लागतो. समोरून आलेली हवा सिलिंडरांच्या वर दाबाने साठते, खाली दाब कमी असतो, म्हणून ती वरून खाली पंखोळ्यांमधून वाट काढते. वरचं झाकण काढलंत की हा दाब संपला. हवा सिलिंडरांवरून नुसती वाहून जाते, आणि मापकाचा सेन्सर ज्या जागी बसवलेला असतो तिथे कदाचित बरं दिसतं, पण मागची बाजू भाजते. झाकण लावूनच चालवा. विमानाचं नाक वाऱ्याकडे ठेवा. जमिनीवर प्रोपेलरच्या मुळाशी हवा फारच कमी ढकलली जाते, तेव्हा प्रत्येक फेरी छोटी ठेवा. हेड १८० च्या आसपास गेलं की बंद करून निवू द्या. ब्रेक, सुकाणू, शेपटीचं चाक या सगळ्यांची चाचणी अशा तुकड्यातुकड्यानेच होते, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तुमच्या पत्रात मला एक गोष्ट बरी दिसली : एकच सिलिंडर तापतोय. चारही हेड एकदम तापली असती तर मी इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) आणि गरम हवा बाहेर पडायची वाट असं सगळं तपासायला सांगितलं असतं. एकाच सिलिंडरचा दोष सहसा दोन जागी सापडतो. एक म्हणजे बॅफलची, म्हणजे हवा सिलिंडरांकडे वळवणाऱ्या पत्र्यांची आणि रबरी पट्ट्यांची, फट. रात्री हँगरमधले दिवे घालवा, झाकणाच्या आत छोटा बल्ब सोडा आणि बाहेरून, मागून, खालून बघा. जिथून उजेड येतो तिथून हवा पळते. रबराची पट्टी झाकणाला टेकताना आतल्या, दाबाच्या बाजूला वळलेली हवी. उलटी वळली असेल तर दाब तिला उघडून निघून जातो. मागचा उजवा सिलिंडर म्हणताय, तर मागच्या कोपऱ्यातली पट्टी आणि ऑइल कूलरकडे जाणारी हवेची नळी आधी पाहा. दुसरी जागा म्हणजे त्या सिलिंडरच्या इनटेक पाइपची (हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या नळीची) गळती. ती ओळखायची खूण : आयडलिंगला तो सिलिंडर इतरांपेक्षा वेगळा वागतो आणि पूर्ण थ्रॉटलला सुधारतो, कारण बाहेरची हवा आत ओढणारा निर्वात आयडलिंगलाच सर्वांत जास्त असतो. तुमच्याकडे चारही एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं मापक असेल तर आणखी सोपं. हेडही गरम आणि एक्झॉस्टही गरम असेल तर मिक्श्चर पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. हेड गरम पण एक्झॉस्ट थंड असेल तर टायमिंग पुढे गेलंय, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडतेय.

२२० अंशांचा अर्थही समजून घ्या. या जातीच्या इंजिनांत हेडची कमाल मर्यादा २६० अंश असते. इंजिन टिकवायचं असेल तर नेहमीच्या उड्डाणात २२४ च्या खाली ठेवायला सांगतात, आणि मी स्वतः २०४ ओलांडलं की कारण शोधायला लागतो. जमिनीवरच तुम्ही २२० वर असाल तर चढताना काय होईल ते सांगायला नको. हा दोष सापडेपर्यंत उडू नका.

आता ऋतू, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतोय. लातूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे. त्या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश धरतात. गरम हवा विरळ असते, म्हणून त्याहून जितके अंश जास्त, तितक्यांदा उंचीत सुमारे १२० फूट वाढवायचे. मे महिन्यात दुपारी ४२ अंश असतील तर ३१ अंश जास्त, म्हणजे ३,७०० फूट वर. तुमचं विमान उभं आहे लातुरात, पण हवेच्या विरळपणाने ते ५,७०० फुटांवर आहे. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. त्याच्याही वर! साधं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. तुमच्या ११५ पैकी ९५ च्या आसपास हाती राहते. पंखांना तेवढंच वजन उचलायला जमिनीवर नऊ टक्के जास्त वेग घ्यावा लागतो, प्रोपेलरही कमी ओढतो, आणि एरवी लागते त्याच्या दीडपट किंवा त्याहून जास्त धावपट्टी लागते. वेगमापकावर आकडा मात्र नेहमीचाच दिसतो, म्हणून नवशिक्याच्या हे लक्षात येत नाही.

हेच जानेवारीत सकाळी १४ अंशांवर करा. हिशेब येतो २,४०० फुटांच्या आत. शिवाय बाहेरची हवा एक अंश थंड तर हेडही ढोबळमानाने एक अंश थंड, म्हणजे मे आणि जानेवारीत हेडच्या तापमानात २८ अंशांचा फरक नुसत्या हवेमुळे पडतो. वारा नसतो, वावटळी नसतात. आत्ता दिवाळी झाली आहे. फटी बुजवायला, वजन करायला, इंधनाचा प्रवाह मोजायला महिना पुरेल. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ९ च्या आत पहिले तास उरका. ते नाही जमलं तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबा, पण एप्रिलमध्ये घाईने उडवू नका.

वजनाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. तीन चाकांखाली तीन इलेक्ट्रॉनिक काटे ठेवून, विमान अगदी समतल करून मोजा. मोंढ्यातल्या अडत दुकानातून काटे मागून आणले तरी चालतील, मात्र तिन्ही काट्यांवर एकच ओळखीचं वजन ठेवून आधी पडताळा. पहिल्या उड्डाणाला गुरुत्वमध्य मर्यादेच्या पुढच्या निम्म्या भागात ठेवा. नाक थोडं जड असलेलं विमान आळशी उडतं. शेपूट जड असलेलं विमान स्टॉलमधून (वेग कमी पडून पंखांनी उचलणं सोडलं की जी स्थिती येते तिच्यातून) बाहेर येत नाही.

प्रश्न : माझं शेती अवजारांचं वर्कशॉप आहे. मित्राच्या हलक्या विमानाला रोटॅक्स ९१२चं १०० अश्वशक्तीचं इंजिन आहे, दोन कार्बोरेटर. आयडलिंगला फार थरथरतं. मोटारसायकलसारखं कानाने ऐकून स्क्रू फिरवले, थोडं सुधारतं, दुसऱ्या दिवशी परत तेच. — एक वाचक, परभणी

उत्तर : कान तुमचा चांगला असणार, वर्कशॉपवाल्याचा असतोच. पण इथे दोन कार्बोरेटर दोन-दोन सिलिंडर ओढतात आणि त्यांच्यामध्ये एक जोडनळी आहे, जी दोघांतला फरक झाकते. कानाला जे ऐकू येतं ते ही नळी सावरून घेतल्यानंतरचं.

नळी काढा आणि तिच्या दोन तोंडांना दोन व्हॅक्यूम गेज लावा. दोन्ही गेज आधी एकाच ठिकाणी लावून सारखंच दाखवतात का ते बघा, नाहीतर सगळी मेहनत फुकट. त्याआधी इंजिन बंद असताना दोन्ही केबल्स एकाच क्षणी ओढायला लागतात ना, ते डोळ्यांनी आणि बोटांनी तपासा. मग इंजिन गरम करून आयडलिंगला थांब्याच्या स्क्रूने दोन्ही काटे सारखे करा, नंतर २,५०० फेऱ्यांच्या आसपास केबलच्या नटाने. हे सगळं जुळूनही दुसऱ्या दिवशी बिघडत असेल तर मला फ्लोटचा, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्यांचा, संशय येतो. काही फ्लोट पेट्रोल शोषून जड होतात. एका कार्बोरेटरचे दोन्ही फ्लोट मिळून ७ ग्रॅमच्या वर जाता कामा नयेत. सोनाराच्या काट्यावर घाला, लगेच कळेल.

आयडलिंग १,४०० च्या खाली आणू नका. मोटारसायकलला हळू आयडलिंग छान वाटतं, पण या इंजिनाला गिअरबॉक्स आहे, आणि कमी फेऱ्यांचे धक्के थेट दातांवर बसतात. दोन्ही इग्निशन ४,००० वर तपासा : एक बंद केल्यावर ३०० पेक्षा जास्त फेऱ्या पडायला नकोत, आणि दोन्हींच्या पडण्यात ११५ पेक्षा जास्त फरक नको.

मोटारसायकलच्या मेकॅनिकला जी गोष्ट कधीच सुचणार नाही ती आता सांगतो. तुमच्याकडे केबल तुटली तर थ्रॉटल बंद होतं. या इंजिनात स्प्रिंग उलटी आहे. केबल तुटली किंवा निसटली तर थ्रॉटल पूर्ण उघडतं, कारण हवेत असलेल्या माणसाला ताकद मिळाली पाहिजे. तुम्ही मात्र जमिनीवर, प्रोपेलरपासून हातभर अंतरावर वाकलेले असाल. म्हणून ट्यूनिंग करताना शेपूट ट्रॅक्टरला किंवा जमिनीत गाडलेल्या पहारीला बांधा, चाकांना ओंडके लावा, कॉकपिटमध्ये इग्निशनच्या बटणावर हात ठेवून एक माणूस बसवा, आणि प्रोपेलरच्या पात्याच्या रेषेत कोणी उभं राहू नका. लहान लेकरांना तर आवारातच येऊ देऊ नका.

आणि वही घाला. एका वेळी एकच गोष्ट बदला : एक स्क्रू, पाव फेरी, तारीख, हवेचं तापमान, काय फरक पडला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि इंजिन सुधारलं तर तुम्हाला काहीच कळलेलं नसतं.

प्रश्न : आमच्या भागात साखर कारखाने आहेत, इथेनॉल इथलंच. मग पंपावरचं पेट्रोल विमानात का चालू नये? — एक वाचक, केज (जि. बीड)

उत्तर : ऊस पिकवणाऱ्याचा अभिमान मी समजतो, आणि गाडीसाठी ते इंधन आहेच. पण आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि वरच्या पत्रातल्या रोटॅक्ससारख्या इंजिनाला निर्मात्याने १० टक्क्यांपर्यंतच परवानगी दिली आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. विमान महिनाभर उभं राहिलं की टाकीच्या तळाशी पाणी आणि इथेनॉलचा वेगळा थर बसू शकतो, आणि नेमका तोच आधी इंजिनात जातो. जुन्या फायबरच्या टाक्यांचं रेझिन आणि काही रबरी नळ्या त्याने मऊ पडतात.

तुमच्या पेट्रोलमध्ये किती आहे ते घरी बघता येतं. उघड्यावर, आगीपासून लांब, खुणा असलेल्या काचेच्या नळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घ्या, बूच लावून हलवा, स्थिर होऊ द्या. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. खालचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. १९ च्या पुढे गेला तर इथेनॉल १० टक्क्यांहून जास्त आहे, ते विमानात घालू नका.

विमानाचं पेट्रोल, म्हणजे ॲव्हगॅस १०० एलएल, इंडियन ऑइल २०२२ पासून देशातच तयार करते, त्याआधी ते बाहेरून यायचं. महाग आहे आणि त्यात शिसं आहे, त्यामुळे रोटॅक्समध्ये मुख्यतः तेच वापरत असाल तर ऑइल दर २५ तासांनी बदला. तरीही पहिल्या चाचण्यांच्या तासांसाठी मी तेच वापरेन, कारण त्याची प्रत ठरलेली असते आणि ते उन्हात लवकर वाफ धरत नाही. आपल्याकडे इंजिन बंद करून अर्धा तास उन्हात उभं केलं की झाकणाखालच्या नळ्यांमध्ये पेट्रोलची वाफ होते, इंजिन सुरू होतं, धावपट्टीच्या मध्यावर खोकतं. नळ्यांवर उष्णतारोधक आवरण घाला आणि टाकीकडे परत जाणारी बारीक नळी ठेवा.

इंधनाचा प्रवाह बादलीत मोजल्याशिवाय उडू नका. १०० अश्वशक्तीचं रोटॅक्स उड्डाणाच्या क्षणी तासाला २७ लिटर पितं. पंप असेल तर त्याच्या सव्वापट, म्हणजे दहा मिनिटांत साडेपाच लिटरच्या वर पडलं पाहिजे. नुसतं उंचीवरून उतरणारं असेल तर दीडपट, पावणेसात लिटर. हे विमान सपाट उभं असताना मोजून उपयोग नाही. चाकाखाली चर खणा किंवा पुढचं चाक उचला, नाक चढताना असतं तितकं वर करा, टाकीत थोडंच पेट्रोल ठेवा आणि मग मोजा.

प्रश्न : मी विज्ञान शिकवते. विमानाचा वेग दाखवणारं मापक बरोबर आहे हे जमिनीवर कसं तपासतात? मुलांना दाखवता येईल का? — एक शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : बाई, हा प्रयोग तुमच्या वर्गात नक्की करा. सलाइनची पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधा, रंगीत पाणी भरा, शेजारी मिलिमीटरची पट्टी. नळीचं एक टोक उघडं. दुसऱ्या टोकाला टी-जोड लावून एक फाटा मापकाच्या पिटोट तोंडाला (समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणाऱ्या नळीच्या जोडाला) आणि एक फाटा रिकाम्या सिरिंजला. सिरिंज अगदी हळू दाबायची. तोंडाने फुंकायचं नाही, नाजूक मापक तेवढ्यानेही बिघडतं.

दोन बाजूंच्या पाण्यात २६ मिलिमीटर फरक पडला की मापकाने ४० नॉट दाखवायला हवेत. ६० मिलिमीटरला ६० नॉट, १०६ ला ८० नॉट. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट, हे मुलांना सूत्र न सांगता पट्टीवरच दिसेल. मग सिरिंज तशीच धरून ठेवा. काटा हळूहळू खाली आला तर कुठेतरी गळती आहे.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, कुंभारमाशी. पिटोटची नळी तिला घर बांधायला अगदी योग्य वाटते, आणि मातीने बुजलेल्या नळीचं मापक धावपट्टीवर शून्यच दाखवत राहतं. लाल कापडाचं टोपण रोज घालावं, उडण्याआधी रोज काढावं.

प्रश्न : राइट बंधूंच्या विमानाचं इंजिन कोणत्या कंपनीचं होतं? — इयत्ता नववी, जालना

उत्तर : कोणत्याच कंपनीचं नव्हतं, लेकरा. कंपन्यांनी हवं तसं हलकं इंजिन दिलं नाही, म्हणून त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकने ते लेथ आणि ड्रिल मशीनवर सहा आठवड्यांत बनवलं. ॲल्युमिनियमचं ओतकाम डेटन गावातच करून घेतलं. १९०३ च्या फेब्रुवारीत चाचणी करताना बेअरिंग धरलं गेलं आणि ओतीव भाग फुटला. त्यांनी पुन्हा ओतून घेतला, पुन्हा चालवला, आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला विमान उडालं. सुरू केल्यावर ते इंजिन काही क्षण १६ अश्वशक्ती द्यायचं, तापलं की १२ वर यायचं, आणि विमान उडायला तेवढी ताकद पुरली. जालन्यात स्टीलचे कारखाने आहेत, ओतकाम कसं करतात ते कोणा ओळखीच्याला विचारून बघायला जा.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्रांसोबत शेतातल्या शेडमध्ये विमान बांधतोय आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शेतातूनच उडवायचं म्हणतो. त्याचं मन मोडायचं नाही, पण झोप लागत नाही. — एक आई, गेवराई

उत्तर : ताई, बांधू द्या. उडवू देऊ नका. हे दोन्ही त्याला एकदमच, स्पष्ट सांगा.

भारतात विमानाची नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून मिळाल्याशिवाय कोणतंही विमान हवेत नेता येत नाही, मग ते स्वतःच्या शेतातून का असेना. १९३४ चा जुना कायदा जाऊन आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू आहे. वाट लांब आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ च्या फेब्रुवारीत ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिलं, नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला. ते स्वतः वैमानिक आहेत, तरी इतकी वर्षं लागली.

मुलाने आजपासून प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि नोंदी ठेवाव्यात. झाकून टाकायच्या आधी प्रत्येक जोड एखाद्या परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याला दाखवावा. दरम्यान त्याने उडायला शिकावं. शिकाऊ परवाना सोळाव्या वर्षापासून मिळतो. आणि विमान पुढेमागे तयार झालंच तर पहिलं उड्डाण त्याने करू नये. त्या जातीच्या विमानावर हात बसलेल्या वैमानिकाने, एकट्याने करावं. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला साधारणपणे ४० तासांच्या चाचण्या होईपर्यंत प्रवासी बसवायला बंदी असते. इंजिन आणि प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर २५ तास. त्याला सांगा, मित्राला शेजारी बसवून पहिली भरारी घेणारा माणूस मी चांगला अभियंता मानत नाही. हवं तर माझ्या नावाने सांगा.

प्रश्न : आमचं वावर धावपट्टीच्या रेषेत येतं. एखाद्या छोट्या विमानाचं इंजिन बंद पडलं आणि ते आमच्याकडे उतरलं तर काय करायचं? — एक शेतकरी, हिंगोली जिल्हा

उत्तर : हा प्रश्न एका शेतकऱ्याने विचारला याचा मला फार आनंद झाला. खरं तर चाचणी करणाऱ्यांनी आधी तुमच्याकडे येऊन विचारायला हवं. उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं तर वळून धावपट्टीवर परत यायचा मोह होतो आणि त्या वळणातच विमानं कोसळतात. समोर, थोडं डावी-उजवीकडे जे आहे तिथेच उतरायचं. ते समोरचं म्हणजे तुमचं वावर.

वैमानिकांनी या हंगामात पायी फिरून बघावं. सोयाबीन निघालेलं मोकळं रान चांगलं, पण पाऊस पडून गेलेल्या काळ्या मातीत चाक रुततं आणि विमान नाकावर पालथं होतं. तुरीचे धसकट कडक असतात, टायर फाडतात. उभ्या उसात उतरणं म्हणजे शेवटचा पर्याय. मुरमाड माळरान मिळालं तर तेच धरावं. नांगराच्या तासांच्या दिशेने उतरावं, आडवं नाही. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब शोधावेत. आणि कठडा नसलेल्या विहिरी, शेततळी नकाशावर खूण करून ठेवावीत. तुमच्या वावरातल्या विहिरीची जागा त्यांना आत्ताच दाखवून ठेवा.

विमान उतरलंच तर आधी ११२ ला फोन करा. बिडी-सिगारेट विझवा, मोबाइलने फोटो काढणाऱ्यांची गर्दी लांब ठेवा. माणूस आत अडकला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर त्याला बाहेर काढा. वास नसेल आणि तो बोलत असेल तर मान-पाठ न हलवता मदत येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा. विमान ओढून बांधावर नेऊ नका, चौकशीसाठी ते जागेवरच लागतं. आणि प्रोपेलर थांबलेला असला तरी कोणालाही हात लावू देऊ नका. इग्निशन बंद करणारी तार तुटलेली असेल तर किल्ली काढूनही मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारं यंत्र) जिवंत राहतो, आणि गरम इंजिनाचं पातं हाताने जरासं फिरवलं तरी ते एक फेरी जोरात मारू शकतं.